छापण्यास हरकत नाही

“हे कोणी केलं?”

देऊसकरबाईंनी प्रूफ टेबलावर ठेवलं आणि विचारलं. आवाज घोगरा होता, पण चढलेला नव्हता. मी खिळ्यांच्या केसपाशी उभी होते. पदराला हात पुसले, चार पावलं पुढे आले आणि ऐटीत म्हणाले, “मी. सगुणा फडतरे.”

मला वाटलं, आता शाबासकी मिळणार.

शुक्रवार पेठेतला आमचा छापखाना. साल चौऱ्याहत्तर. बायका तिथे पुष्कळ होत्या, पण सगळ्या मागे घडीवर बसायच्या, छापलेल्या कागदांना घड्या घालायच्या. अक्षरांचे खिळे जुळवायला बाई म्हणजे मी एकटी. माझे वडील याच छापखान्यात जुळारी होते. त्यांची नजर गेली, तेव्हा मालकांनी त्यांच्या जागी मला घेतलं. मराठी सातवी शिकलेली, पण इंग्रजी केससुद्धा मला पाठ होती. कुठल्या खणात कुठलं अक्षर ते हाताला माहीत; अर्थाशी आपल्याला काय करायचंय?

आणि या देऊसकरबाई फ्रेंच शिकवायच्या. आधी कॉलेजात, मग घरीच. लग्न केलेलं नव्हतं, वय पन्नाशीचं, पांढरं पातळ, पायात कॅनव्हासचे बूट. फ्रेंच क्रियापदांचं चाळीस पानी पुस्तक त्यांनी आमच्याकडे छापायला दिलं होतं. एका बाजूला फ्रेंच शब्द, समोर मराठी अक्षरांत उच्चार. आणि त्या उच्चारात पानोपान हायफन. पार्-लों. फि-नि-सों. पार्-ल-रों. शब्दाची नुसती खांडोळी केलेली.

आता छापखान्यातला पहिला धडा काय असतो? ओळ संपली आणि शब्द उरला, तर हायफन देऊन तोडायचा. पण तोच मजकूर पुन्हा जुळवताना शब्द ओळीच्या मध्ये आला, तर हायफन काढून टाकायचा. ओळीच्या पोटात हायफन राहिला म्हणजे भातात केस निघाल्यासारखं. जुळाऱ्याची अब्रू जाते. मी हस्तलिखित बघितलं आणि मनात म्हटलं, एवढी शिकलेली बाई, पण कुठल्या तरी जुन्या पुस्तकावरून ओळीच्या ओळी उतरवून काढल्यात, हायफनसकट. कोणी सांगितलं नाही वाटतं बिचारीला. पहिल्या बारा पानांतले सगळे हायफन मी गाळले. एकही ठेवला नाही.

“छान,” बाई म्हणाल्या. “आता यातलं हे वाच.”

मी वाचलं, “पार्लरों.”

“दुकानाचं नाव वाटतंय. हनुवटीखाली हात आडवा धर. असा. आता माझ्याबरोबर म्हण. पार्. ल. रों. किती वेळा हनुवटी हाताला लागली?”

“तीनदा.”

“म्हणजे तीन तुकडे. ते तुकडे म्हणजे माझी वीस वर्षांची कमाई आहे बाळ, आणि तू ती झाडून काढलीस.”

तोवर गेनूमामा धावत आले. गेनूमामा म्हणजे आमचे फोरमन. त्यांना बाईमाणूस केसवर नकोच होतं, आयतं कोलीत मिळालं. “तरी मी मालकांना म्हणत होतो. उद्यापासून हिला घडीवर बसवतो, बाई. दुसरा माणूस देतो.”

“नको,” देऊसकरबाई म्हणाल्या. “दुसरा माणूस दुसरी चूक करील. हिची चूक मला कळली आहे.” मग त्यांनी स्टूल ओढलं, बसल्या, पिशवीतल्या थर्मासमधलं गरम पाणी प्याल्या आणि आम्हां दोघांना जे सांगितलं ते असं.

चोवीस तारखेला त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं. गाठ निघाली होती. डॉक्टर स्वरयंत्रच काढून टाकणार होते. त्यानंतर जीव राहील, आवाज राहणार नाही. “मुलांना मी आजवर तोंडाने शिकवलं,” त्या म्हणाल्या. “पुढे हे पुस्तक शिकवील. मला कधी न ऐकलेल्या माणसाने हे पुस्तक हातात धरावं आणि बरोबर बोलावं. तसं झालं तर ते पुस्तक. नाहीतर रद्दी. माझा आवाज आहे तोवर मला ते तपासून घ्यायचंय. तेवीस दिवस आहेत.”

गेनूमामा टोपी काढून उभे राहिले. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

“बाई,” मी म्हणाले, “हायफन मी सगळे परत घालते. एकूण एक. तुम्ही येऊ नका, त्रास घेऊ नका.”

“मी रोज येणार. इथं बसणार. एकेक शब्द बोलणार, तू एकेक जुळवायचा.”

आणि आल्या. रोज अकरा ते एक. डॉक्टरांनी बोलायला मनाई केली होती, ती त्यांनी धाब्यावर बसवली. आमच्याकडचे हायफन दोन दिवसांत संपले. तीन छापखाने फिरून गेनूमामांनी मूठमूठ मागून आणले. बाई स्टुलावर, मी केसपाशी. त्या म्हणायच्या, मी ऐकायचे, खिळा उचलायचे. फ्रेंचमध्ये लिहिलेलं सगळं बोलत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. ‘ते बोलतात’ असं लिहायला तीन अक्षरं पुढे शेपटासारखी लावतात आणि बोलताना शेपूट गिळतात, नुसतं ‘पार्ल’ म्हणतात. मी म्हटलं, “मग लिहितात कशाला मेले?” बाई हसल्या आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. मी धावत पाणी दिलं. त्या दिवसापासून मी त्यांना हसवायचं बंद केलं.

खोटं कशाला सांगू, मला त्या आवाजाची गोडी लागली. घोगरा आवाज, पण शब्द कसा स्वच्छ. संध्याकाळी घरी भाकऱ्या थापताना माझ्या तोंडात तेच. वू पार्-ले. ईल फि-निस. वडील ओसरीवरून विचारायचे, “सगुणे, कुणाला शिव्या घालतेस?”

बावीस तारखेला, मंगळवारी, चाळीसच्या चाळीस पानं तयार झाली. बाईंनी शेवटचं प्रूफ माझ्या हातात दिलं. “आता मी बोलणार नाही. तू वाच. तुला फ्रेंच येत नाही, म्हणून तूच वाच. तुझ्या तोंडून बरोबर आलं तर माझं काम झालं.”

मी पहिल्या पानापासून वाचायला लागले. गेनूमामा, मालक, सगळे गोळा झाले. चाळीस पानं वाचली, एक शब्द चुकला नाही. बाईंचे डोळे भरून आले. माझेही आले. त्यांनी पेन काढलं आणि प्रूफाच्या कोपऱ्यात लिहिलं, ‘छापण्यास हरकत नाही. य. देऊसकर.’

“आता मला काही काळजी नाही,” त्या म्हणाल्या, आणि तिथूनच रिक्षा करून दवाखान्यात भरती व्हायला गेल्या.

मी प्रूफ घेऊन मागे यंत्राकडे गेले. यंत्रावर अब्बासभाई होते. जुना माणूस, ट्रेडल चालवून चालवून पायाच्या पोटऱ्या दगड झालेल्या. मागच्या खोलीत यंत्राची खडखड एवढी, की पुढे देव बोलला तरी त्यांना ऐकू जायचं नाही. त्यांनी प्रूफ लांब धरलं आणि शब्द लावत लावत वाचलं.

“नूझ,” ते म्हणाले. मग थांबले. “आवों.”

“असं नाही अब्बासभाई. नू-झा-वों. एका पाठोपाठ.”

“मग तसं जुळव ना. इथे नूझ वेगळं छापलंस, मध्ये जागा सोडलीस, मग आवों. मी काय मनाने वाचू?”

मी प्रूफ त्यांच्या हातातून घेतलं आणि बघितलं. खरंच होतं. बाईंनी तसंच लिहून दिलं होतं, शब्दाला शब्द वेगळा ठेवून. आणि मी तसंच जुळवलं होतं. एका शब्दातला खिळा दुसऱ्या शब्दात सरकवायचा नाही, हा छापखान्याचा नियम आणि शिकलेल्या माणसाचाही. पण मघाशी मी वाचलं ते तसं नव्हतं वाचलं. मी ‘नू-झा-वों’ म्हणाले होते. म्हणजे मी पान वाचलंच नव्हतं. पानाकडे नुसते डोळे लावून मी बाईंचा आवाज परत केला होता. तीन आठवडे कानाशी बसून पोपटाला जे येतं, तेच मला आलं होतं.

मी अब्बासभाईंना यंत्र थांबवायला लावलं आणि आणखी चार पानं वाचून घेतली. पंधरा ठिकाणी चुकले. शहाणा, दुकानावरच्या पाट्या घडाघडा वाचणारा माणूस, पंधरा ठिकाणी.

मी गेनूमामांना सांगितलं. ते म्हणाले, “सही झाली ना? मग संपलं. सही झालेल्या प्रूफातल्या टिंबाला हात लावायचा नाही. उद्या जुळवलेला फर्मा यंत्रावर चढवायचा.”

“मामा, पुस्तक चुकलंय.”

“पुस्तक त्यांचं, चूक त्यांची. अगं, बाई समाधानाने गेल्या. परवा त्यांच्या गळ्यावर सुरी चालायचीय. आता जाऊन त्यांच्या जिवाला घोर लावणारेस?”

“तो घोर त्यांनीच लावून घेतलाय. मी नाही सांगितलं तर तो मिटणार नाही, नुसता झाकला जाईल.”

“सही झालेलं प्रूफ या दारातून बाहेर नेलंस, तर परत आल्यावर थेट घडीवर बसायचं. हे मी मालकांसमोर सांगतोय.”

“बसेन,” मी म्हणाले.

मी शूर होते असं नाही. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. त्या समाधानाने झोपल्या असतील, आणि आपण उठून जायचं आणि सांगायचं की मी तुम्हांला फसवलं. न सांगता राहिले असते तर कुणाला कळलं असतं? कुणालाही नाही. पुस्तक छापलं गेलं असतं, बाईंनी ते छातीशी धरलं असतं, आणि कुठल्या तरी गावात कुणीतरी पोर ‘नूझ’ म्हणून थांबलं असतं. तेवढंच. पण बाई म्हणाल्या होत्या, नाहीतर रद्दी. रद्दी जुळवायला मी केसपाशी उभी राहिले नव्हते.

बुधवारी चार वाजता, भेटायच्या वेळेला, मी अब्बासभाईंना घेऊन दवाखान्यात गेले. ते यायला तयार नव्हते. “मी काय करू बायकांच्या वॉर्डात?” मी म्हटलं, “वाचायचं. बाकी काही नाही.” त्यांनी रॉकेलने हात धुतले, शाई तरी नखांत राहिलीच. त्यांना मी वॉर्डाच्या दाराबाहेर उभं केलं आणि एकटी आत गेले.

बाई खाटेवर बसल्या होत्या. मला बघून खुलल्या. “अगं ये. छापून झालं?”

“नाही बाई. मी काल वाचलं ते खोटं होतं. पुस्तक बघून नाही वाचलं. तुमचा आवाज ऐकून ऐकून मला पाठ झालंय. पुस्तकावरून येत नाही.”

त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं ओसरलं. “हे तुला काल कळलं नाही?”

“तुम्ही गेल्यावर कळलं. बाहेर आमचे यंत्रावरचे अब्बासभाई उभे आहेत. त्यांनी तुम्हांला कधी ऐकलं नाही. त्यांच्याकडून वाचून घेतलं. चुकतात.”

“कुठे चुकतात? बोलाव त्यांना. मी सांगते त्यांना, नू—”

मी पटकन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. आजही आठवलं की अंगावर काटा येतो. बाईंच्या तोंडावर मी शाईचा हात ठेवला.

“बाई, तुम्ही बोलायचं नाही,” मी म्हणाले. “तुम्ही एक शब्द बोललात की अब्बासभाईही माझ्यासारखे वाया जातील. मग तुम्हांला न ऐकलेला माणूस मी आणू कुठून? दोन तास आहेत. तुम्ही गप्प बसा, त्यांना वाचू दे. चुकले तर आपण कागद दुरुस्त करायचा, माणूस नाही.”

मी हात काढला. बाईंनी तोंड उघडलं, मिटलं. आवाज राहायचा तो शेवटचा दिवस होता, आणि मी त्यांना गप्प बसायला सांगत होते. त्यांच्या डोळ्यांत राग होता, नाही म्हणत नाही. मग त्यांनी उशाखालून चष्मा काढला, लावला, आणि दाराकडे बोट केलं.

अब्बासभाई आले. खाटेपाशी लोखंडी स्टुलावर अवघडून बसले. मी प्रूफ त्यांच्या हातात दिलं.

“नूझ,” ते म्हणाले. “आवों.”

बाईंनी मान हलवली, नाही. मी पेन्सिल घेतली. काय करावं ते मला दिसत होतं, पण हात धजत नव्हता. मग मी नूझमधला ‘झ’ उचलला आणि शेजारच्या शब्दाच्या घरात नेऊन ठेवला. नू-झा-वों. बाईंनी चटकन माझं मनगट धरलं. शब्दाची अशी मोडतोड त्यांनी जन्मात केली नव्हती. त्यांनी पेन्सिल घेऊन कडेला लिहिलं, ‘हे अक्षर त्या शब्दाचं नाही.’

“लिहिताना नाही,” मी म्हणाले. “बोलताना आहे. तोंडाला कुठे ठाऊक असतं कोणाचं घर कुठलं?”

अब्बासभाईंनी नवीन लिहिलेलं वाचलं. “नू-झा-वों.”

बाईंनी मनगट सोडलं.

मग आम्ही बसलो. अब्बासभाई वाचायचे. चुकलं की बाई बोट वर करायच्या. मी कागदावर बदल करायचे, ते पुन्हा वाचायचे, पुन्हा चुकलं तर पुन्हा बदल. काही शब्दांना चार चारदा. आजूबाजूच्या खाटांवरच्या बायका ऐकत होत्या. एक नर्स ताप बघायला आली. तिला सगळं माहीत होतं. ती मायेने बाईंना म्हणाली, “बाई, आज बोलून घ्या हो पोटभर. उद्यापासून कुठलं.” बाईंनी ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली. मी प्रूफात तोंड खुपसलं. माझ्याने वर बघवेना.

साडेपाचच्या सुमाराला अब्बासभाई सलग तीन पानं न चुकता वाचून गेले. मधेच थांबून स्वतःच म्हणाले, “च्यायला, हे तर जमतंय.” बाईंनी तोंडावर पदर धरला. हसू आलं होतं, आणि हसू बाहेर येऊ द्यायचं नव्हतं.

सहाची घंटा झाली तेव्हा दोन पानं उरली होती.

“अजून दहा मिनिटं,” मी नर्सला म्हणाले. ती म्हणाली, “डॉक्टर राउंडला आलेत. नाही चालणार.”

“बाई, ही दोन पानं मी उद्या छापखान्यात अब्बासभाईंकडून वाचून घेते. तुम्ही खरं कसं ते पानाच्या पाठीवर लिहून द्या, मी जुळवून बघेन.”

बाईंनी भराभर लिहून दिलं. मग पहिल्या पानावरची कालची सही खोडली, खाली नवीन केली, तारीख घातली. अब्बासभाई माझ्या शेजारीच उभे होते. दोन पानं उरली होती, म्हणून त्यांना अजून बाईंचा आवाज ऐकवायचा नव्हता. ते मला कळत होतं आणि बाईंनाही. मी खाली वाकून पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, दाबून ठेवला, आणि काही बोलल्या नाहीत. बोलायचं होतं त्यांना. मला दिसत होतं. मी म्हटलं असतं, “अब्बासभाई, जरा बाहेर थांबा,” तरी चाललं असतं. एवढी साधी गोष्ट. पण माझ्या डोक्यात ती दोन पानं होती, आणि सुचलंच नाही. जिना उतरून रस्त्यावर आल्यावर सुचलं. पळत परत गेले तर वॉर्डाचं दार लावलेलं.

उरलेली दोन पानं अब्बासभाईंनी गुरुवारी सकाळी वाचली. साडेआठ वाजता. ऑपरेशनही त्याच वेळी होतं.

मला घडीवर बसवलं. सात महिने बसले. मग गेनूमामा स्वतःच येऊन म्हणाले, “चल ऊठ, केसवर ये. पुस्तक दुसऱ्यांदा छापायला आलंय, आणि तुझ्या त्या भानगडी दुसऱ्या कुणाला जुळवता येईनात.”

बाई त्यानंतर अकरा वर्षं जगल्या. गळ्याला पांढरा रुमाल, हातात पाटी. त्यांचा वर्ग चालू राहिला. मुलं पुस्तकावरून वाचायची, बाई नुसत्या ऐकायच्या, चुकलं तर बोट वर करायच्या. मी कधीमधी जायचे. मला एकच गोष्ट विचारायची होती आणि धीर होत नव्हता. शेवटी एका दुपारी विचारलं. माझे केस तोवर पांढरे व्हायला लागले होते.

“बाई, त्या दिवशी मी तुम्हांला बोलू दिलं नाही. शेवटचा दिवस होता. राग आला होता?”

त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘हो. फार.’

माझा चेहरा पडला. त्यांनी बघितलं, पण शब्द मागे घेतला नाही. खोटं बोलायची त्यांना सवयच नव्हती. खाली आणखी लिहिलं, ‘पुन्हा वेळ आली तर काय करशील?’

मी विचार केला. त्यांचा आवाज मला आता आठवत नाही. खरं सांगते, घोगरा होता एवढंच आठवतं. ती क्रियापदं मनात आली की कानात अब्बासभाई वाचतात. तो आवाज ऐकायचे ते दोन तास माझ्या हातात होते, आणि मीच ते घालवले. त्याचं दुःख आहे, ते जाणार नाही.

“पुन्हा तेच करीन,” मी म्हणाले.

बाईंनी मान डोलावली. त्या दिवशी वर्गात नाशिककडची एक नवीन मुलगी आली होती, पहिल्यांदाच. बाईंनी पाटी पुसली, पुस्तक उघडून तिच्या पुढ्यात ठेवलं आणि बोटाने ओळ दाखवली. मुलीने घाबरत घाबरत वाचायला सुरुवात केली. ती पान संपवेपर्यंत बाईंचं बोट एकदाही वर गेलं नाही.